बेहचेट आणि डोळा: दोन अटॅकच्या मधला काळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ २७ वर्षांचा. आधी तोंडात वारंवार येणारे फोड आणि मग डोळे, यावरून तीन वर्षांपूर्वी बेहचेट आजाराचं निदान झालं. गेल्या १४ महिन्यांत दोन्ही डोळ्यांत मिळून चार अटॅक आले आणि दर वेळी स्टिरॉइडने नजर परत आली. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू केलं होतं, पण ‘काही फरक पडत नाही’ म्हणून त्याने दोन महिन्यांत स्वतःच बंद केलं. आता डॉक्टर अ‍ॅडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब सुरू करू या म्हणतात. त्याचं म्हणणं, सध्या सगळं स्वच्छ दिसतंय, एवढं जालीम औषध आत्ता कशाला, पुढचा अटॅक आला तर बघू. घरच्यांना टीबीची आणि कॅन्सरची भीती. आणि ताई, तुम्ही विचारताय की थांबलं तर चालेल का.

थांबू नका. उत्तर एवढंच, बाकीचं सगळं त्यामागचं कारण. डोळ्याच्या आतल्या सुजेचे, म्हणजे युव्हायटिसचे, रुग्ण मी बरीच वर्षं बघतोय. बेहचेटमध्ये नजर गमावलेल्या बहुतेकांच्या तोंडी आधी कधीतरी ‘दर वेळी परत येतंय की’ हे वाक्य मी ऐकलेलं असतं. तुमच्या भावाचे डोळे मी तपासलेले नाहीत, तेव्हा त्याचे डोस आणि तारखा त्याचे डॉक्टरच ठरवतील. पण तुमचा प्रश्न मुळात डोसाचा नाहीच, औषध कधी सुरू करायचं याचा आहे, आणि त्यावर मी बोलू शकतो.

हा अटॅक चढतो भराभर. रात्री झोपताना ठीक, सकाळी उठावं तर समोर धुकं. आणि तो उतरतोही आपसूक. काही आठवड्यांत, कधीकधी औषधाविनाही. नेमकं हे उतरणंच घात करतं. नजर गेली असं रुग्णाला वाटतं ते बरेचदा डोळ्याच्या मधल्या जेलीत, व्हिट्रियसमध्ये, सुजेच्या पेशी आणि प्रथिनं पसरल्यामुळे. ते धुकं विरलं की दिसायला लागतं. पण धुक्याच्या पाठीमागे, रेटिनावर, त्या आठवड्यांत काय झालं ते रुग्णाला कळतच नाही. बेहचेट हा मुळात रक्तवाहिन्यांचा आजार. रेटिनातल्या शिरा सुजतात, गळतात, काही ठिकाणी बंदच पडतात, आणि जिथला रक्तपुरवठा तुटला तो रेटिनाचा तुकडा मरतो. रेटिना हा मज्जातंतूंचा पडदा आहे, पुन्हा उगवत नाही. मेलेला तुकडा कडेला असेल तर पत्ताही लागत नाही. चार्टवरचं ६/६ म्हणजे रेटिनाच्या अगदी मधल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या भागाची परीक्षा. बाकी सगळं शेत वाळलं तरी मधलं रोप हिरवं असू शकतं.

माझ्याकडे असाच एक तरुण यायचा. अटॅक आला की यायचा, उतरला की गायब. पाचव्या वेळी मी त्याची जुनी फाईल काढली आणि प्रत्येक अटॅक पूर्ण शांत झाल्यानंतरची उजव्या डोळ्याची नजर एका कागदावर एकाखाली एक लिहिली: ६/६, ६/९, ६/९, ६/१८ (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). पाचव्यानंतर ६/३६ वर थांबली. तो म्हणाला, ‘पण मला तर दर वेळी बरं वाटत होतं.’ खोटं बोलत नव्हता. अटॅकच्या दिवशी बोटं मोजता येत नाहीत, तीन आठवड्यांनी अक्षरं दिसतात, मग बरं वाटणारच. तो तुलना करत होता अटॅकच्या दिवसाशी. आम्ही तुलना करतो अटॅकच्या आधीच्या दिवसाशी. तुमच्या भावाच्या फाईलमधूनही हे आकडे आजच काढून घ्या, दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे.

आजाराबद्दल दोन शब्द, कारण नाव नवीन असलं की भीती वाढते. तुर्कस्तानातले त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी १९३७ मध्ये तोंडातले फोड, जननेंद्रियावरचे फोड आणि डोळ्यातली सूज हे तिन्ही एकाच आजाराचे भाग आहेत असं मांडलं. त्याआधी १९३१ मध्ये ग्रीसमधले नेत्रतज्ज्ञ बेनेडिक्टोस अ‍ॅडामान्टियाडेस यांनीही असाच रुग्ण नोंदवला होता, म्हणून काही ठिकाणी दोघांचं नाव जोडून घेतात. जुन्या रेशीम मार्गावरच्या प्रदेशांत, भूमध्य समुद्रापासून जपानपर्यंत, हा जास्त दिसतो. एचएलए-बी५१ हा जनुकीय प्रकार यात बऱ्याच जणांत सापडतो, पण तो निरोगी माणसांतही असतो. त्या रिपोर्टवर निदान उभं करू नये आणि पाडूही नये. डोळ्यांचा त्रास सर्वात जहाल होतो तो तरुण पुरुषांत. तुमचा भाऊ त्याच गटात बसतो, दोन्ही डोळे धरलेत आणि १४ महिन्यांत चार अटॅक. थांबू नका म्हणतो ते या तीन गोष्टी एकत्र बघून.

आत काय दिसतं ते सांगतो, म्हणजे डॉक्टर एवढे गंभीर का होतात ते कळेल. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, आम्ही प्रकाशाची बारीक चीर तिरकी डोळ्यात सोडतो. कवडशात धूळ तरंगताना दिसते ना, तशा त्या चिरेत पेशी तरंगताना दिसतात. निरोगी डोळ्यात तिथे काळोख असतो. जोराच्या अटॅकमध्ये या पेशी बुबुळासमोर तळाशी साचतात आणि पांढरी आडवी रेघ दिसते. तिला हायपोपिऑन म्हणतात. दिसायला पू, पण त्यात जंतू नसतात. बेहचेटमधली ही रेघ सैल असते. रुग्णाला मान कलती करायला सांगितली की रेघही हळूहळू सरकते, बाटलीतलं पाणी सरकावं तशी. एचएलए-बी२७ या दुसऱ्या जनुकीय प्रकाराशी जोडलेल्या युव्हायटिसमध्ये ती चिकट, गोठलेली असते आणि जागची हलत नाही. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे डोळा फारसा लाल नसतो. आत पू साचलाय आणि बाहेरून डोळा जवळजवळ पांढराच. त्यामुळे ‘लाल नाहीये, म्हणजे काही नाही’ हा घरगुती हिशोब इथे चालत नाही.

मात्र या पुढच्या भागातल्या पेशींनी डोळा क्वचितच जातो. डोळा जातो मागच्या भागामुळे, आणि मागचा भाग अटॅक नसतानाही धुमसत असू शकतो. त्यासाठी फ्लुरोसीन अँजिओग्राफी करतात: हाताच्या शिरेतून एक पिवळा-केशरी रंग सोडायचा आणि तो रेटिनातून जाताना भराभर फोटो घ्यायचे. (दिवसभर त्वचा पिवळसर आणि लघवी केशरी होते. आधी सांगितलं नाही तर घरात काविळीची अफवा पसरते.) निरोगी वाहिन्यांतून हा रंग बाहेर येत नाही. बेहचेटमध्ये बारीक केशवाहिन्यांतून तो पाझरतो आणि फोटोत नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते. रुग्ण म्हणतो ‘मस्त दिसतंय’, चार्टवर ६/६, समोरच्या भागात एकही पेशी नाही, आणि अँजिओग्राफीत चहूबाजूंनी गळती, असं मी कितीदा तरी पाहिलंय. तुमचा भाऊ ज्याला ‘सध्या ठीक’ म्हणतो त्या काळातली अँजिओग्राफी झाली आहे का, हे विचारा. झाली नसेल तर करून घ्या, जमल्यास कडेपर्यंतचा फोटो येणाऱ्या वाइड फील्ड कॅमेऱ्याने. घरच्यांना औषधाची गरज पटवायला माझ्या भाषणापेक्षा तो एक फोटो जास्त उपयोगी पडेल.

आता उपचार. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळं बिघडतं. पेटलेली आग विझवणं हे एक आणि पुन्हा पेटू न देणं हे दुसरं. स्टिरॉइड पहिलं काम झकास करतं. दुसऱ्यात ते कच्चं आहे, आणि जितका डोस लागतो तितका वर्षानुवर्षं देताच येत नाही. पूर्वी स्टिरॉइडखेरीज हाती फारसं काही नव्हतं, तेव्हा यातले कितीतरी रुग्ण काही वर्षांत दोन्ही डोळ्यांनी अधू झाले. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत स्वच्छ म्हटलंय की डोळ्याच्या मागच्या भागात बेहचेट असेल तर रुग्ण अ‍ॅझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन, इंटरफेरॉन अल्फा किंवा अँटी-टीएनएफ अँटिबॉडी (डॉक्टर सुचवतायत ती दोन्ही औषधं याच प्रकारची) यांपैकी कशावर तरी असायलाच हवा, आणि पोटातून स्टिरॉइड एकट्याने देऊ नये. तुमचा भाऊ अ‍ॅझाथायोप्रिन सोडल्यापासून नेमका त्या ‘एकट्या स्टिरॉइड’वर चाललाय.

अटॅक आला तर काय होतं ते आधी. मागच्या भागाचा अटॅक असेल, नजर झपाट्याने उतरत असेल, तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाईनमधून रोज १ ग्रॅम, साधारण तीन दिवस. त्यानंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, वजनाच्या किलोमागे १ मि.ग्रॅ.च्या आसपास, आणि मग पायरीपायरीने कमी. तीन महिन्यांत रोजच्या ७.५ मि.ग्रॅ. किंवा त्याखाली येता आलं नाही, तर पाठीशी असलेलं औषध पुरत नाहीये असा माझा हिशोब असतो. सलाईन चालू असताना साखर, रक्तदाब आणि पोटॅशियमवर लक्ष लागतं. झोप उडते, काही जण विनाकारण चिडतात किंवा भलतेच उत्साही होतात, ते औषधाचं आहे हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. थेंब द्यायचेच, पण ते पुढच्या भागासाठी. स्टिरॉइडचे थेंब रेटिनापर्यंत पुरेसे पोचत नाहीत. बाहुली मोठी करणारे थेंब असतात ते बुबुळ मागच्या भिंगाला चिकटू नये म्हणून. धूसर दिसतं म्हणून रुग्ण नेमके तेच सोडतात. एकाच डोळ्यात अटॅक असेल तर डोळ्याच्या आत स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं, जोडीला म्हणून. आणि इन्फ्लिक्सिमॅब हे आग विझवण्याच्या कामालाही चालतं.

एक सावधगिरी. बेहचेटचं निदान जुनं असलं तरी प्रत्येक अटॅक बेहचेटचाच असेल असं गृहीत धरू नये. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या डोळ्यात टीबी, सिफिलिस, हर्पिस, टॉक्सोप्लाझ्मा हेही सूज करतात, आणि त्यावर नुसतं जोरकस स्टिरॉइड दिलं तर आगीत तेल. डॉक्टरांनी दर वेळी रक्त तपासायला सांगितलं तर वैतागू नका.

अ‍ॅझाथायोप्रिनकडे वळतो, कारण तुमच्या भावाने त्याच्यावर अन्याय केलाय. १९९० मध्ये तुर्कस्तानात ७३ पुरुषांवर दोन वर्षं चाचणी झाली. अर्ध्यांच्या आसपास रुग्णांना किलोमागे रोज २.५ मि.ग्रॅ. अ‍ॅझाथायोप्रिन आणि बाकीच्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. औषध मिळालेल्यांत डोळ्याचा नवा आजार आणि हायपोपिऑनचे अटॅक दोन्ही कमी राहिले. पुढे कित्येक वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा बघितलं तेव्हाही आधीपासून औषध मिळालेल्यांचे डोळे जास्त चांगले होते. साधं, जुनं, भरवशाचं औषध आहे. पण अंगात मुरायला त्याला तीनएक महिने लागतात. दोन महिन्यांत बंद करणं म्हणजे पेरलेलं उगवलंय का ते रोज उकरून बघणं. त्याने औषध ‘करून पाहिलं’ असं मी म्हणणार नाही. पुन्हा सुरू करताना टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या तपासण्यांबद्दल विचारा. या जनुकांत काही बदल असतील तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक खाली येतात, आणि आशियाई वंशाच्या लोकांत एनयूडीटी१५ चा बदल विशेष महत्त्वाचा. तपासणी होवो न होवो, सुरुवातीचे काही आठवडे रक्तातल्या पेशी आणि लिव्हरचे रिपोर्ट वारंवार लागतातच. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल कोणी लिहून दिलं तर मात्र आधी सांगायचं, ‘मी अ‍ॅझाथायोप्रिनवर आहे.’ ही जोडी रक्तपेशी तयार करणाऱ्या हाडांतल्या मज्जेला भारी पडते.

मग नुसतं अ‍ॅझाथायोप्रिन पुरेल की, असं तुम्ही म्हणाल. पहिल्या सौम्य अटॅकनंतर मी कदाचित तेच म्हटलं असतं. आज त्याच्याकडे तीन महिने वाट बघण्याइतका अवकाश आहे असं मला चार अटॅकच्या इतिहासावरून वाटत नाही.

टीएनएफ हा शरीरात सुजेचा हाकारा देणारा एक रेणू. इन्फ्लिक्सिमॅब आणि अ‍ॅडालिमुमॅब या त्याला धरून निकामी करणाऱ्या अँटिबॉडी. २००१ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी नजर धोक्यात आलेल्या पाच बेहचेट रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅबचा एकेक डोस दिला आणि २४ तासांत सूज उतरू लागल्याचं नोंदवलं. पाच हा आकडा छोटा, पण ज्यांनी तोवर हा आजार फक्त स्टिरॉइडने हाताळला होता त्यांच्यासाठी ते वाचणं म्हणजे खिडकी उघडल्यासारखं होतं. जपानने २००७ मध्ये बेहचेटच्या युव्हायटिससाठी या औषधाला मान्यता दिली. अ‍ॅडालिमुमॅबला २०१६ मध्ये जंतुसंसर्गाविना होणाऱ्या युव्हायटिससाठी अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली.

दोन्हींत निवड कशी करायची? नजर आज, या घडीला धोक्यात असेल तर मी इन्फ्लिक्सिमॅबकडे झुकतो, कारण ते शिरेतून जातं आणि लवकर धरतं. किलोमागे ५ मि.ग्रॅ., पहिल्या दिवशी, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग साधारण दर आठ आठवड्यांनी. दोनेक तास सलाईन लावून बसायचं. तुमच्या भावासारखा डोळा वरवर शांत असेल आणि पुढचे अटॅक रोखायचे असतील तर अ‍ॅडालिमुमॅब सोयीचं: पहिला डोस ८० मि.ग्रॅ., आठवड्याने ४०, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी ४०, मांडीत किंवा पोटावर, स्वतः टोचायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं पण गोठवायचं नाही, आणि अर्धा तास आधी बाहेर काढलं तर कमी झोंबतं. एटानरसेप्ट नावाचं तिसरं औषध याच घराण्यातलं, सांध्यांना चांगलं. डोळ्याला ते नको. ‘सगळी सारखीच’ असं सांगून कोणी ते पुढे केलं तर नम्रपणे नाही म्हणा.

यातही तारीख चुकवण्याची सवय महागात पडते. मध्येच सोडलं, पुन्हा धरलं, असं केलं की शरीर या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं आणि नंतर ते हवं तेव्हा चालत नाही. जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन ठेवण्याचं हे एक कारण. ते असलं की अशा अँटिबॉडी कमी होतात.

आता भीती. टीबीची भीती खरी आहे, ती उडवून लावू नये. लपलेले टीबीचे जंतू शरीराने पेशींच्या गाठीत कोंडून ठेवलेले असतात आणि ती कोंडी टिकवायला टीएनएफच लागतं. ते काढून घेतलं की कोंडी फुटू शकते. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, मँटू ही त्वचेवरची तपासणी किंवा आयजीआरए ही रक्ततपासणी. स्टिरॉइड चालू असताना या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, हे डॉक्टरांच्या लक्षात असतंच, पण घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल तर न विचारता सांगा. लपलेला टीबी निघाला तर त्याची प्रतिबंधक गोळी सुरू करून साधारण महिन्याभराने हे औषध देतात. म्हणजे टीबी निघाला तरी दार बंद होत नाही. सोबत हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही बघतात. हिपॅटायटिस बी झोपलेला असला तर तो उठतो. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जासंस्थेचा आजार किंवा जास्तीचं हार्ट फेल्युअर असेल तर ही औषधं टाळतात. जिवंत लशी चालत नाहीत, बाकीच्या शक्यतो आधी उरकाव्यात.

कॅन्सरबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर धोका शून्य म्हणता येत नाही. त्वचेचे काही कॅन्सर थोडे वाढतात, म्हणून उन्हाची काळजी. अ‍ॅझाथायोप्रिन आणि अँटी-टीएनएफ एकत्र घेणाऱ्या तरुण पुरुषांत, मुख्यतः आतड्याच्या आजारात, एका अत्यंत दुर्मिळ लिम्फोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या, नोंदी आहेत. मी हे माझ्या रुग्णांना सांगतो, आणि म्हणूनच दोन्ही औषधं गरजेपलीकडे एकत्र चालवत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. तिथे ‘दुर्मिळ’ हा शब्द लागू पडत नाही.

रोजच्या आयुष्यात याचा अर्थ इतकाच की ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, खोकला लांबला, वजन उतरायला लागलं, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन. आधी टोचून मग विचारायचं नाही.

इंटरफेरॉन अल्फाने काही रुग्णांत औषध बंद केल्यावरही लांब शांतता मिळते, जे दुसऱ्या कोणाला सहसा जमत नाही. पण तापकणकण, अंगदुखी, नैराश्य, आणि अ‍ॅझाथायोप्रिनबरोबर दिलं तर मज्जेवर ताण. सायक्लोस्पोरिन डोळ्याला लागू पडतं, मात्र मेंदूत बेहचेट असेल किंवा शंका असेल तर नको. मॅक्युलाची, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाची, सूज अँटी-टीएनएफनेही हटली नाही तर टोसिलिझुमॅब या औषधाचा विचार होतो. एवढ्यावर सोडतो, आज तुम्हाला त्याची गरज नाही.

डोळ्याच्या नादात बाकीचं शरीर विसरू नका. नवी, न थांबणारी डोकेदुखी मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याची असू शकते. एका पोटरीला सूज आणि दुखणं, पायातल्या शिरेची. थुंकीतून रक्त हे सगळ्यात गंभीर, कारण बेहचेटमध्ये फुप्फुसाच्या धमनीला फुगवटा येतो आणि तिथे नेहमीच्या सवयीने रक्त पातळ करणारं औषध दिलं तर जिवावर बेततं. तातडीच्या विभागात गेल्या गेल्या ‘याला बेहचेट आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. आजार दुर्मिळ आहे, समोरच्या डॉक्टरला तो सुचेलच असं नाही. म्हणूनच नेत्रतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ दोघंही हवेत, आणि दोघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या हव्यात. पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल. एकाने वाढवलेलं दुसऱ्याने न कळून कमी केलं, असं होताना मी पाहिलंय.

औषध सुरू झाल्यावर दर भेटीत काय व्हायला हवं? चार्ट वाचणं हे सगळ्यात कमी माहिती देणारं. डोळ्याचं प्रेशर मोजलं गेलं पाहिजे, कारण स्टिरॉइडने काचबिंदू होतो आणि तो दुखत नाही. रेटिनाचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये मॅक्युलाची सूज बघायची. ठरावीक महिन्यांनी अँजिओग्राफी. मोतीबिंदूही होईल बहुधा, सूज आणि स्टिरॉइड दोन्ही त्याला कारण. त्याची घाई करू नका: डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत असल्याशिवाय सुरी लावायची नाही, बेहचेटची त्वचा जशी सुईच्या टोचण्यावर चिडून पुळी आणते तसा डोळाही शस्त्रक्रियेवर चिडतो.

कधीपर्यंत? हे विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार. आधी स्टिरॉइड उतरतं. मग साधारण दोन वर्षं डोळा शांत राहिला, अँजिओग्राफीतही शांत, तर बाकीचं हळूहळू कमी करून बघतात, दोन्ही एकदम नाही. वय वाढतं तसा हा आजार बऱ्याच जणांत मवाळ होतो. तोवर डोळे टिकवून धरायचे आहेत.

घरी एक करायचं. रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, भिंतीवरचं एकच कॅलेंडर एकाच जागेवरून वाचायचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो आणि आठ-आठ दिवस कळत नाही. धूसर वाटलं, तरंगते ठिपके अचानक वाढले, रेघा वाकड्या दिसल्या, तर त्याच दिवशी दाखवायचं. घरात शिल्लक असलेले स्टिरॉइडचे थेंब घालून दोन दिवस वाट बघायची नाही.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की त्याने कॉम्प्युटरचं काम बंद करावं का. नको. स्क्रीनने अटॅक येत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब चालू असतील तेवढे दिवस जवळचं दिसायला त्रास होईल, तेव्हा अक्षरं मोठी करून घ्यायची.